मॅन्युअल की ऑटोमॅटिक? काटोलच्या पांदणीसाठी फोर बाय फोर घेताना

प्रश्न थोडक्यात असा: राहायला नागपूरचं मनीषनगर, नोकरी हिंगणा एमआयडीसीत, आणि काटोलच्या पुढे संत्र्याची बाग, तिथे आठवड्यातून एक फेरी. डांबरी रस्ता सोडल्यावर शेवटचे अडीच किलोमीटर काळ्या मातीची पांदण (शेतात जाणारी कच्ची वाट), मध्ये एक नाला. गाडी पत्नीही चालवणार. वर्षातून दोन-चार वेळा मित्रांसोबत ऑफ-रोडिंग. मारुतीची जिम्नी आणि महिंद्राची थार या दोन्हींचा विचार चालू आहे. मित्रमंडळी सांगतात, "खरं ऑफ-रोडिंग मॅन्युअलवरच होतं, ऑटोमॅटिक म्हणजे मॉलमध्ये न्यायची गाडी." मग घ्यायची कोणती?

मित्रांचं म्हणणं एकेकाळी बऱ्याच अंशी खरं होतं. आता तसं सरसकट म्हणता येत नाही. आणि तुमचा खरा प्रश्न क्लच असावा की नसावा हा नाहीच. गाडी नेमकी कुठे अडणार आहे, चिखलात ओढताना की उतारावर रोखताना, यावर उत्तर ठरतं. या दोन कामांत दोन्ही गिअरबॉक्स अगदी उलटे वागतात.

त्याआधी दोन गोष्टी बाजूला काढू, कारण त्या चुकल्या तर पुढची सगळी चर्चा व्यर्थ आहे.

पहिली, लो रेंज, म्हणजे वेग कमी करून ताकद वाढवणारी जास्तीची गिअर-जोडी. ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) फोर-लो, म्हणजे चारही चाकांना लो रेंज, नसेल तर मॅन्युअल काय आणि ऑटोमॅटिक काय, भारी मातीत दोन्ही लवकर थकतात. जिम्नी आपल्याकडे सगळी फोर बाय फोरच येते, पण थारमध्ये रिअर-व्हील-ड्राइव्ह प्रकारही आहेत. दिसायला तीच गाडी, किंमत कमी, आणि त्यात लो रेंजच नाही. थार रॉक्स पाहणार असाल तर तिच्यात फोर बाय फोर फक्त डिझेलला मिळतं. शोरूममध्ये "फोर बाय फोर आहे ना?" एवढं विचारून थांबू नका, ट्रान्सफर केसचा लिव्हर किंवा स्विच हाताने फिरवून पाहा.

दुसरी, ऑटोमॅटिक म्हणजे कोणता ऑटोमॅटिक. एएमटी हा मुळात मॅन्युअलच गिअरबॉक्स, क्लच फक्त मोटर किंवा हायड्रॉलिकने दाबला जातो. चिखलात तो ऐन वेळी गिअर बदलायला जातो, तेवढ्यात ताकद तुटते आणि गाडी फसते. चढावर हळूहळू सरकवली तर क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि तापतो. ड्राय क्लचवाल्या ड्युअल-क्लच गिअरबॉक्सचंही रडगाणं हेच: थोडं सरकवलं की तापमानाची वॉर्निंग. सीव्हीटीत ताकद पट्ट्यावरून जाते आणि चाक अचानक घसरून अचानक पकडलं की तो झटका पट्ट्याला सोसत नाही. ऑफ-रोडला चालतो तो टॉर्क कन्व्हर्टर. सुदैवाने जिम्नी, थार, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर, व्ही-क्रॉस या लो रेंजवाल्या गाड्यांचे ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरच आहेत. खाली जिथे जिथे ऑटोमॅटिक म्हटलंय, तिथे हाच समजा.

आता मुद्द्याचं. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे तेलाने भरलेला बंद डबा. एक पात्यांचं चक्र इंजिनला जोडलेलं, समोरचं गिअरबॉक्सला, आणि मध्ये स्टेटर. इंजिनच्या बाजूचं चक्र तेल फेकतं, समोरचं त्या तेलाने फिरतं. गाडी उभी असताना किंवा अगदी हळू असताना स्टेटर परतणारं तेल योग्य कोनात वळवतो आणि टॉर्क (फिरवण्याची ताकद) वाढवतो, साधारण दुपटीच्या आसपास. दोन्ही चक्रांचा वेग जवळ आला की ही वाढ संपते. म्हणजे जिथे गाडी सर्वात जास्त अडते, तिथेच कन्व्हर्टर सर्वात जास्त मदत करतो.

जिम्नीचे आकडे घेऊन बघा. मॅन्युअलचा पहिला गिअर ४.४२५, फायनल ड्राइव्ह (चाकांआधीची शेवटची गिअर-जोडी) ४.०९, लो रेंज २.००२. गुणाकार साधारण ३६, म्हणजे इंजिनचा टॉर्क चाकापाशी तेवढ्या पटीने वाढतो. ऑटोमॅटिकचा पहिला २.८७५, फायनल ४.३, लो रेंज तीच. गुणाकार साधारण २५. कागदावर मॅन्युअल पुढे. पण उभ्यावरून सुटताना ऑटोमॅटिकच्या २५ ला कन्व्हर्टर जवळपास दोनने गुणतो, म्हणजे ५० च्या घरात. ओढायला ऑटोमॅटिक वरचढ झाला. उतारावर मात्र चाकं इंजिनला फिरवू पाहतात आणि उलट्या दिशेने कन्व्हर्टर काहीच वाढवून देत नाही. तिथे २५ चे २५ च, त्यातही तेल थोडं घसरतं. मॅन्युअलमध्ये क्लच सोडला की पूर्ण ३६ ची पकड, मध्ये घसरण नाही. रोखायला मॅन्युअल वरचढ.

ऑफ-रोडसाठी मॅन्युअल-ऑटोमॅटिकचा सगळा वाद एवढ्या एका परिच्छेदात मावतो. बाकी तपशील आहेत. पण गाडी फसते ती तपशिलांतच, म्हणून ते नीट पाहू.

काळी माती

तुमची पांदण हा या उत्तराचा सर्वात मोठा भाग आहे, कारण आठवड्यातून एकदा तुम्ही तिथेच असणार. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू होते तेव्हा पाऊस पुरता गेलेला नसतो. परतीच्या पावसाची एक सर आली की पांदणीचा वरचा चार बोटांचा थर साबणासारखा होतो आणि खालचा थर घट्ट राहतो. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरला चिकटते, आणि दहा-पंधरा मीटरमध्ये टायरच्या खाचा भरून टायर गुळगुळीत होतो. यातून निघायचं तर दोन गोष्टी लागतात: न तुटणारी ताकद, आणि खाचांतला चिखल फेकला जाईल इतका चाकाचा वेग.

मॅन्युअलमध्ये चिखलाच्या मध्यात गिअर बदलायला गेलात की क्लच दाबल्याबरोबर वेग मरतो. भारी चिखलात सेकंदभराचा खंडसुद्धा पुरेसा होतो. म्हणून मॅन्युअलवर नियम असा की गिअर चिखलाच्या आधी ठरवायचा आणि पलीकडे जाईपर्यंत क्लचला पाय लावायचा नाही. फोर-लोचा पहिला गिअर इथे बहुतेक वेळा चुकीचा ठरतो: टॉर्क जास्त, वेग कमी, चाक जागेवर खड्डा करतं. पेट्रोलला फोर-लो दुसरा, डिझेलला दुसरा किंवा तिसरा. पांदण नुसती ओलसर आणि सपाट असेल तर फोर-हाय (चारही चाकं, पण नेहमीची रेंज) दुसराही पुरतो.

ऑटोमॅटिकवर ही चिंता कमी. फोर-लो, आणि सिलेक्टर २ वर किंवा मॅन्युअल मोडमध्ये दुसऱ्या गिअरवर धरून ठेवा. डी (ड्राइव्ह) मध्ये ठेवू नका, कारण चाक घसरलं की गिअरबॉक्सला वाटतं गाडीने वेग घेतला आणि तो वरचा गिअर टाकतो, नेमका नको तेव्हा. ॲक्सिलरेटर एकसारखा, स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवत, म्हणजे टायरच्या कडा नवी माती पकडतात. पत्नी किंवा कोणीही कमी सराव असलेली व्यक्ती चालवणार असेल तर इथला फरक फार मोठा आहे. मॅन्युअलवर ही पांदण पार करायला सराव लागतो. ऑटोमॅटिकवर पाच-सहा सूचना पाळल्या तरी काम होतं.

पण ऑटोमॅटिकचा एक तोटा इथेच लपलाय आणि तो कोणी सांगत नाही. मॅन्युअल गाडी फार अडली की इंजिन बंद पडतं, म्हणजे ती तुम्हाला थांबवते. ऑटोमॅटिक बंद पडत नाही. तुम्ही दाबत राहता, ती फिरवत राहते, आणि चाकं शांतपणे खाली उतरत डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा, गाडीखालचा गोळा) मातीवर टेकतो. पोटावर बसलेली गाडी ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. म्हणून ऑटोमॅटिकवर सवय लावा: चाकं फिरतायत आणि गाडी दोन सेकंद पुढे सरकत नाहीये, तर पाय काढा. आल्या चाकोरीतून मागे घ्या. पुन्हा दुसऱ्या रेषेतून या.

पुढे-मागे झुलवून काढायची असेल तर दोन्हीकडे चाकं पूर्ण थांबल्याशिवाय दिशा बदलू नका. मॅन्युअलवर घाई केली तर क्लच जळतो, ऑटोमॅटिकवर आतल्या क्लच पॅकचा कोळसा होतो. तीन-चार झुल्यांत निघाली नाही तर फावडं काढा आणि टायरमधली हवा कमी करा. या मातीत १८ ते २० पीएसआयवर आणलेले टायर जेवढं काम करतात, तेवढं कोणताही गिअरबॉक्स करत नाही. डांबरावर येताच हवा भरून घ्या, नाहीतर टायरची बाजू तापून फुटते.

नाल्याची उतरण आणि मुरुमाचे चढ

नाल्याच्या काठावर आधी उतरण, मग चढण. उतरणीला मॅन्युअलची पद्धत साधी: फोर-लो, पहिला, क्लच पूर्ण सोडलेला, ब्रेकला पाय नाही. ८०० आरपीएमच्या आयडलवर (ॲक्सिलरेटर न देता) मॅन्युअल जिम्नी या गिअरात ताशी साधारण पावणेतीन किलोमीटरने चालते, माणसाच्या चालीपेक्षाही हळू. मागचं टोक घसरायला लागलं तर ब्रेक दाबायचा नाही, उलट किंचित ॲक्सिलरेटर द्यायचा, म्हणजे चाकं पुन्हा जमिनीच्या वेगाने फिरू लागतात. हे अंगवळणी पडलेल्या माणसाला ऑटोमॅटिकवर उतरताना नेहमी थोडं अस्वस्थ वाटतं, आणि ते रास्त आहे.

ऑटोमॅटिकवर फोर-लो आणि एल (पहिला गिअर धरून ठेवणारी जागा). तरीही गाडी हवी त्यापेक्षा जरा जास्त पळते, म्हणून ब्रेकची जोड लागते. हिल डिसेंट कंट्रोल असेल तर तो एबीएसच्या यंत्रणेने एकेक चाक आपोआप दाबत-सोडत राहतो. खडखड आवाज येतो, घाबरायचं कारण नाही. मात्र ओल्या काळ्या मातीच्या उतरणीवर टायरलाच पकड नसते, तिथे हिल डिसेंटही फार काही करू शकत नाही. नाल्याचा काठ दहा-वीस मीटरचा असेल तर ऑटोमॅटिक आणि हलका ब्रेक पुरेसा आहे. डोंगराळ भागात किलोमीटरभर सुट्या गोट्यांची उतरण रोजची असती, तर माझं उत्तर बदललं असतं.

चढावर चित्र उलटं. सुट्या मुरुमावर मॅन्युअल गाडी मध्येच थांबली की पुन्हा सुटताना हँडब्रेक, क्लच आणि ॲक्सिलरेटर यांचा मेळ घालावा लागतो. क्लच थोडा जास्त वेळ अर्धवट राहिला की वास येतो. वास आला की गाडी सपाटीवर घ्या, न्यूट्रल करून क्लचवरून पाय काढा, इंजिन आयडलवर चालू ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. तसंच दामटत राहिलात तर क्लच प्लेट त्याच दिवशी जाऊ शकते. ऑटोमॅटिकवर ब्रेक सोडा, दाबा, गाडी सुटते. मोठा दगड किंवा उघडं मूळ ओलांडताना डावा पाय ब्रेकवर हलका ठेवून उजव्याने ॲक्सिलरेटर देता येतो, म्हणजे चाक दगडावर चढून पलीकडे धाडकन पडत नाही. काही गाड्यांत दोन्ही पेडल एकदम दाबले की इंजिनची ताकद आपोआप कापली जाते. तुमच्या गाडीत असं होतं का ते मोकळ्या मैदानात आधी तपासा.

चढ जमलाच नाही तर काय करायचं, हे चढायच्या आधी दोघांनीही पाठ करून ठेवा. मॅन्युअल: इंजिन बंद पडलं तर आधी फूटब्रेक घट्ट, मग हँडब्रेक, मग क्लच दाबून रिव्हर्स, इंजिन चालू, क्लच पूर्ण सोडा, मग ब्रेक हळू सोडा आणि इंजिनच्या जोरावर सरळ मागे या. क्लच दाबलेला ठेवून मागे घसरू दिलीत तर गाडी हाताबाहेर गेलीच. ऑटोमॅटिक: ब्रेक, आर, ब्रेक हळू सोडा. न्यूट्रलला हात लावायचा नाही, आणि डी मध्ये असताना गाडी मागे घरंगळू द्यायची नाही. मागे जोरात घरंगळली तर इंजिन बंद पडू शकतं, मग स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदतही दोन-तीन दाबांत संपते. दोन्ही गाड्यांना समान नियम: अर्ध्या चढावर गाडी आडवी वळवायची नाही.

इंजिन कोणतं, हेही बघा

गिअरबॉक्स एकटा निवडता येत नाही. जिम्नीच्या दीड लिटर पेट्रोलचा टॉर्क १३४ न्यूटन-मीटर, तोही ४००० आरपीएमला. खालच्या आरपीएमवर हात आखडता, म्हणून मॅन्युअलवर सुटताना क्लच घासायचा मोह होतो. तिथे कन्व्हर्टर उणीव भरून काढतो. थारच्या २.२ लिटर डिझेलला ३०० न्यूटन-मीटर १६०० आरपीएमपासूनच मिळतात. फोर-लो पहिल्यात ती ॲक्सिलरेटर न देताही चढते, त्यामुळे डिझेल-मॅन्युअल ही जोडी आजही अत्यंत कामाची आहे. म्हणून पेट्रोल घेणार असाल तर मी ऑटोमॅटिकच म्हणेन. डिझेल घेणार असाल तर दोन्हीपैकी कोणतीही चुकीची नाही, चालवणारा कोण यावर ठरवा.

उन्हाळा

नागपूरचा मे महिना ४५ अंशांचा, आणि ऑटोमॅटिकचा खरा शत्रू उष्णता. कन्व्हर्टर जेवढा घसरतो तेवढी ताकद तेलात उष्णता होऊन जाते. रस्त्यावर वेग आला की कन्व्हर्टरची दोन्ही चक्रं जोडणारा लॉक-अप क्लच बसतो आणि घसरण थांबते. वाळूत आणि चिखलात तो बसतच नाही. गिअरबॉक्सचं तेल ८० ते १०० अंशांत असेल तर ठीक, १२० च्या वर त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. नदीपात्राच्या कोरड्या वाळूत भर दुपारी फोर-हाय डी मध्ये दहा-पंधरा मिनिटं दामटली की बहुतेक गाड्या वॉर्निंग देतात.

उपाय तीन. वाळूतही फोर-लो वापरा, त्याने कन्व्हर्टरवरचा भार कमी होतो. टायर १५ ते १८ पीएसआयवर आणा. आणि वॉर्निंग आलीच तर गाडी बंद करू नका. पी मध्ये ठेवून इंजिन १२०० ते १५०० आरपीएमवर चालू राहू द्या, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहतं. लगेच इंजिन बंद केलंत तर तापलेलं तेल आहे तिथेच भाजत बसतं. रेडिएटरपुढची जाळी गवताच्या कुसळांनी आणि वाळलेल्या चिखलाने भरते, ती दर फेरीनंतर पाण्याने धुवा, पण प्रेशर-वॉशर जवळून मारू नका, पाती वाकतात. (वाळूघाट, पात्र आणि जंगलातले रस्ते यांना परवानगी लागते. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या हद्दीत गाडी वाटेबाहेर घालणं हा गुन्हा आहे, हौस नव्हे.)

मॅन्युअलला ही तापण्याची भानगड नाही, क्लच नीट वापरला तर. वाईट वापरला तर तो ऑटोमॅटिकच्या आधी जातो.

पाणी

रपट्यावरून (नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर थांबा. कोणताही गिअरबॉक्स गाडीला वाहून जाण्यापासून वाचवत नाही. साचलेल्या किंवा संथ पाण्यात दोघांचे धोके वेगळे. मॅन्युअलमध्ये पाण्यात क्लच दाबला की गाळमिश्रित पाणी प्लेटच्या मध्ये शिरू शकतं, मग क्लच घसरतो आणि नंतर खरखरतो. म्हणून पाण्यात गिअर बदलायचा नाही. ऑटोमॅटिकमध्ये तापलेला गिअरबॉक्स गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरची (हवा आत-बाहेर जायची) नळी खाली असेल किंवा सील थकलेलं असेल तर पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ गुलाबी दिसलं तर गाडी चालवू नका, टो करून न्या. पाण्याने आतल्या क्लचचं अस्तर सुटतं आणि मग खर्च तेलावर थांबत नाही. नाल्यापाशी पोचल्यावर पाच मिनिटं थांबून गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल जरा निवू द्या. हे फुकटचं औषध आहे आणि दोन्ही गाड्यांना लागू पडतं.

बिघाड, ढकलणं, दुरुस्ती

इथे मॅन्युअल निर्विवाद पुढे. बॅटरी बसली तर उतारावर सोडून चालू करता येते, ऑटोमॅटिकला ते नाहीच, म्हणून जंपर केबल किंवा जंप-स्टार्टर डिकीत हवाच. क्लच प्लेट तालुक्याच्या गावचा चांगला मेकॅनिकही गिअरबॉक्स उतरवून बदलतो. ऑटोमॅटिकचा व्हॉल्व्ह बॉडी किंवा सोलेनॉइडचा (आतला तेलाचा दाब सांभाळणाऱ्या भागांचा) प्रश्न काटोलला सुटणार नाही, नागपूरच गाठावं लागेल. टो करताना ऑटोमॅटिक फोर बाय फोरची चाकं जमिनीवर फिरत ठेवून लांब ओढू नका. ट्रान्सफर केसला न्यूट्रल असेल तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या वेगात आणि अंतरात, नाहीतर सरळ फ्लॅटबेड.

तेलाबद्दल एक. "ऑटोमॅटिकचं तेल लाइफटाइम आहे, बदलायचं नाही" असं सांगणारे भेटतील. ते गाडी डांबरावर चालेल असं धरून बोलतात. चिखल, वाळू आणि नागपूरचं ऊन असेल तर ४० ते ५० हजार किलोमीटरला तेल बदलून घ्या, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच. बऱ्याच नव्या गाड्यांत डिपस्टिक नसते, पातळी ठरावीक तापमानाला प्लग उघडून तपासतात, त्यामुळे कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये अंदाजाने भरू देऊ नका.

जुनी गाडी घेणार असाल तर हिशेब बदलतो. जुन्या मॅन्युअलची परीक्षा सोपी: मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० च्या वेगात वरचा गिअर टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि वेग नाही चढला, तर क्लच संपलाय, किमतीतून तेवढे कापा. जुन्या ऑटोमॅटिकची परीक्षा अवघड: तेलाला जळका वास, डी किंवा आर टाकल्यावर एक-दोन सेकंदांचा उशीर, गरम झाल्यावर झटका. सर्व्हिसची नोंद नसलेली, ऑफ-रोडला वापरलेली जुनी ऑटोमॅटिक मी घेऊ देणार नाही, कितीही स्वस्त असो.

मग तुम्ही काय घ्यावं

तुमच्या वापरात ओढण्याचं काम जास्त आणि रोखण्याचं कमी. पांदण काळ्या मातीची, उतरण एका नाल्यापुरती. चालवणारे दोघे, आणि वर्धा रोडची रोजची गर्दी पदरी आहेच. म्हणून टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक, लो रेंजसह. जिम्नी घेतलीत तर डोळे मिटून ऑटोमॅटिक, चार गिअरचा जुना बॉक्स आहे आणि महामार्गावर आवाज करतो, पण पांदणीवर त्याचं काही बिघडत नाही. संत्र्याचे क्रेट आणि माणसं दोन्ही न्यायची असतील तर थार डिझेल बघा, कारण जिम्नीला ओझ्याची हौस नाही. सगळं वजन मागे टाकलंत तर दोन्ही गाड्यांचं पुढचं चाक चढावर हलकं होतं, तेवढं सांभाळा.

मॅन्युअल मी कोणाला सांगेन? बजेट ताणलेलं असेल त्यांना. मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकमध्ये साधारण एक ते दीड लाखाचा फरक पडतो. तेवढ्यात चार ऑल-टेरेन टायर, चांगला कंप्रेसर, रिकव्हरी पट्टा, दोन शॅकल आणि ट्रॅक्शन बोर्ड (फसलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या) येतात. पांदणीवर मूळच्या हायवे टायरवरची ऑटोमॅटिक आणि ऑल-टेरेन टायरवरची मॅन्युअल उतरवली तर दुसरी बाजी मारेल. पैसे दोन्हीला पुरत नसतील तर टायर आधी. शिवाय जे लांबच्या डोंगराळ उतरणींवर जातात, जे एकटेच चालवतात आणि क्लचचं तंत्र ज्यांच्या पायात आहे, त्यांनी मॅन्युअल सोडायचं कारण नाही. फोर्स गुरखा हवी असेल तर प्रश्नच मिटतो, ती मॅन्युअलमध्येच येते, पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियल लॉकसह.

टेस्ट ड्राइव्हला शहरातला चौक मारून परत येऊ नका. डीलरला सांगून एखादा कच्चा उतार शोधा आणि दोन्ही प्रकारच्या गाड्या तिथेच चालवा. गाडी थांबवून गिअर न्यूट्रलला, मग फोर-लो टाका. दात न जुळल्याने बसला नाही तर गाडी फूटभर सरकवून पुन्हा प्रयत्न करा, जोर लावू नका. जमिनीवर वीस मीटर मोजून दोन दगड ठेवा आणि उतारावर पहिल्या गिअरात किंवा एल मध्ये, कोणत्याही पेडलला न शिवता, ते अंतर जायला किती सेकंद लागतात ते फोनवर मोजा. मॅन्युअल जिम्नीला पंचवीसच्या आसपास लागायला हवेत. ऑटोमॅटिकला किती कमी लागतात ते बघा, आणि तोच फरक हलक्या ब्रेकने भरून काढणं पत्नीला सोयीचं वाटतं का, हे त्यांना स्वतः चालवू देऊन ठरवा. फोर-लो मात्र कोरड्या डांबरावर तपासू नका. या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो, वळताना ड्राइव्हलाइन आवळली जाते आणि मग लिव्हर परत निघता निघत नाही.